आषाढातला कुंभार

कुंभाराला सुट्टी माणसं देत नाहीत, पाऊस देतो. चैत्र-वैशाखात माठ, श्रावण सरत नाही तो देवीचे घट आणि पणत्या, पौषात सुगडं. मधे उरतो आषाढ. कच्ची भांडी वाळत नाहीत, आवा पेटत नाही, आणि घरी बसावं तर बायको गळकं छप्पर दाखवते. म्हणून आमचे मामा आषाढात वज्रेश्वरीला निघतात. देवीची जत्रा खरी चैत्र अमावास्येची, पण तेव्हा गिऱ्हाईक माठ वाजवत दारात उभं असतं. देवी समजून घेते, असं मामांचं म्हणणं. चिमाजी अप्पांनीसुद्धा १७३९ मध्ये आधी वसई घेतली, देऊळ नंतर बांधलं. आधी धंदा, हे तिला तेव्हापासून ठाऊक आहे.

सोबत दोघं. एक पणत्यांचा कारखानदार; कारखाना म्हणजे तो, बायको आणि चार पाट्या. दुसरा वीटभट्टीवाला, पावसाळ्यात भिवंडी तालुक्यात याच्याइतका मोकळा माणूस नाही. चौथा गणपतीवाला, त्याला आषाढात मरायलाही सवड नसते. तो नसल्यामुळे त्याची निंदा मात्र निवांत होते.

‘सुट्टीत मातीचं नाव काढायचं नाही’ ही शपथ अंबाडी नाक्याला एसटीत घेतली जाते. वज्रेश्वरीला उतरताच ती मोडते, कारण चहा कुल्हडात येतो. मामा चहा संपवतात, कुल्हड उपडा करून बूड पाहतात, टिचकी मारून कानाशी धरतात. “आच कमी पडली. घाईत काढलाय.” चहावाला विचारतो, चहा कसा होता? मामांना आठवत नाही.

देवळाच्या बावन्न पायऱ्यांपर्यंत पोचायलाही वेळच लागतो, कारण वाटेत दुकानं आहेत आणि दुकानांत मातीच्या धूपदाण्या आहेत. मामा एकेक उचलतात, फिरवतात, काठावरून अंगठा नेतात, खाली ठेवतात. शेवटी दुकानदारीण खवळते, “घ्यायची नाय तर हात कशाला लावता?” मामांचा चेहरा खुलतो. हेच वाक्य ते आठ महिने लोकांना ऐकवत आलेले असतात. दुसऱ्याच्या मडक्याला नाव ठेवून, छदाम न देता पुढं जाण्याचं सुख कुंभाराला एरवी कुठून मिळणार?

मग अकलोलीची गरम कुंडं. वर पावसाची झिमझिम, खाली गंधकाचा वास, पाण्याबाहेर फक्त तीन डोकी. चाकापाशी वाकून आखडलेली कंबर सुटते, पण हात स्वस्थ बसत नाहीत. गोरोबाकाकांनी थापटण्यानं संतांची डोकी वाजवली आणि नामदेवाला कच्चा ठरवलं, ही गोष्ट मामा दरवर्षी सांगतात आणि दरवर्षी वीटभट्टीवाल्याच्या डोक्यावर बोटं वाजवतात. “चिरलाय!” तोही दरवर्षी तितकाच चिडतो.

यंदा मात्र कहर झाला. गावाबाहेरच्या एका रिसॉर्टवर पाटी दिसली: मातीकाम शिका. आत मुंबईची मंडळी, मोटरवरची चाकं, चाळून मळून तयार माती. मामांनी मुकाट्यानं पैसे भरले, ॲप्रन बांधला आणि बसले. मित्रांना त्यांनी डोळ्यानंच दटावलं. शिकवणारी मुलगी विशीतली. “काका, घाबरू नका. दोन्ही हात ओले करा. अंगठा असा नाही, असा.” मामा म्हणाले, “असा होय?”

दारात पणतीवाल्यानं रुमाल तोंडात कोंबला होता.

मामा खरंच रमले. माठ करताना गळा किती, पोट किती, हे घाऊक घेणारा ठरवतो. पन्नास झाले की पन्नासही सारखेच लागतात. इथं कुणी ठरवणारं नव्हतं. त्यांनी गळा लांब काढला, आणखी लांब काढला, मधेच वाकवला, पोटाला एक चिमटा घेतला. बदकासारखं काहीतरी झालं. जन्मात कुणी विकत घेतलं नसतं. मामा ते चारी बाजूंनी न्याहाळत, आवाज न करता हसत होते. शेजारच्या बाईंचं भांडं तेवढ्यात फसकन बसलं, तर यांनी नकळत हात घालून ते दोन वळशांत उभं केलं.

शिकवणारी मुलगी पाहतच राहिली. “काका, तुमच्या हातात कला आहे हो! घरी रोज सराव करा. मन लावलंत ना, तर पुढं यावर पोटसुद्धा भरता येईल.”

मामांनी हात पुसले. “त्याचं मात्र खात्रीनं सांगू नको, पोरी.”