अंदरून कच्चा

वऱ्हाडात चीज आलं ते तिखट खाण्याची सोय म्हणून, असं माझं ठाम मत आहे. बाकीच्या जगात लोक त्याचं काय करायचं ते करोत. आमच्याकडे ठेच्याच्या तिसऱ्या घासाला कान तापतात, चौथ्याला नाक वाहू लागतं आणि पाचव्याला माणूस डोळे पुसत शेजाऱ्याला सांगतो, "काईच तिखट नाई बापा!" या पाचव्या आणि सहाव्या घासाच्या मध्ये चीजचा एक तुकडा ठेवला की तोच माणूस दहाव्या घासापर्यंत बिनबोभाट जातो. मिरचीतलं कॅप्सायसिन पाण्याला दाद देत नाही. ते स्निग्धांशात विरघळतं, आणि दुधातलं केसीन त्याला जिभेवरून उचलून नेतं. म्हणजे तांब्याभर पाणी ढोसणारा फसतो आणि चीज खाणारा तरतो. ही गोष्ट आमच्या मित्रमंडळींच्या कानावर गेली नसती, तर पुढचं काही घडलं नसतं.

मंडळी निम्मी अमरावतीची, निम्मी अकोल्याची. माझा जन्म अमरावतीचा आणि नोकरी अकोल्याची, त्यामुळे दोन्हीकडे माझ्यावर सारखाच अविश्वास. दोन शहरांत अंतर शंभरेक किलोमीटरचं. पण खाण्याचा विषय निघाला की मध्ये सीमारेषा उभी राहते. अमरावतीकर गिल्या वड्याचं नाव काढतो आणि हे जगात दुसरीकडे कुठंच मिळत नाही, हे सांगताना छाती फुगवतो. अकोलेकर लगेच शेगावची कचोरी पुढे करतो. शेगाव बुलडाणा जिल्ह्यात आहे, हे त्याला पक्कं ठाऊक असतं. पण कचोरीपुरती तो जिल्ह्याची हद्द मानत नाही. मग अमरावतीकर शेवटचा बाण काढतो. रुक्मिणी आमच्या कौंडिण्यपूरची, कृष्णानं तिला पळवलं ते आमच्या अंबादेवीच्या देवळातून, म्हणजे आम्ही कृष्णाचे सासुरवाडीचे. तेव्हा दूध, दही, लोणी या विषयांत आमच्यासमोर कोणी बोलू नये. यावर अकोल्याच्या वकिलानं एकदा विचारलं होतं, "मंग जावयाले पळून काऊन जा लागलं बे? जेवाले नीट घातलं नसन!" त्यानंतर दोन महिने बोलणं बंद होतं.

समेटाची जागा मूर्तिजापूर. दोन्ही शहरांच्या साधारण मधोमध असल्यामुळे तिथं कोणालाच यजमानपणाचा माज करता येत नाही. आमच्यातल्या एका अडत्याचं वावर त्या भागात आहे. थंडी पडली की तिथं जमायचं, हा शिरस्ता. जेवणही ठरलेलं : गोवऱ्यांच्या निखाऱ्यांत भाजलेले रोडगे, त्यावर तुपाची धार, वरण, वांग्याची भाजी आणि ठेचा. या बेतात वर्षानुवर्षं काडीचा बदल झाला नव्हता. या खेपेला आमच्यातल्या इंजिनिअरची मुलगी पुण्याहून सुट्टीला आली होती. तिनं बापाला फोनवर एक चित्रफीत दाखवली. त्यात कोणीतरी बटाटावडा मधोमध फोडतो आणि आतून पांढऱ्या चीजची हातभर तार निघते. इंजिनिअरनं ती आमच्या फोनवरच्या गटावर टाकली आणि खाली लिहिलं, "या बारीला हे करू."

इथून जो वाद सुरू झाला त्याची लांबी सांगायची तर रस्त्याचा दाखला द्यावा लागेल. जून २०२२ मध्ये आमच्या याच अमरावती-अकोला मार्गावर ७५ किलोमीटर लांबीचा, एका लेनचा डांबरी रस्ता सलग १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला. गिनीज बुकात नोंद झाली, कतारचा जुना विक्रम मोडला. ज्या रस्त्यानं आमच्या पाठीच्या मणक्यांची वर्षानुवर्षं परीक्षा घेतली, तो पाच दिवसांत गुळगुळीत झाला. आमच्या गटाला तेवढ्या वेळात चीज घालायचं की नाही, हेसुद्धा ठरवता आलं नाही.

विरोधी पक्षनेते आमचे मास्तर. त्यांचं म्हणणं, आलूबोंडा ही आपली संस्कृती आहे, त्यात परदेशी वस्तू कोंबू नये. यावर कृषी विद्यापीठातून निवृत्त झालेले सर बोलायला उठले. (गटावर उठले म्हणजे त्यांनी टंकायला घेतलं. ते टंकत असले की बाकीचे चहा पिऊन येतात.) सरांनी बोंडा सुटा केला. आलू दक्षिण अमेरिकेतला. मिरचीही अमेरिका खंडातली. ठेच्यातला फल्लीदाणा तिकडचाच. १४९२ साली कोलंबस तिकडे पोचला नसता तर वऱ्हाडी माणसाला मिरी चावून भांडावं लागलं असतं. उरला कापूस, ज्याच्यावर आपण एवढी मिजास करतो. पण २००२ पासून शेतात आलेला बीटी कापूस हाही मूळ अमेरिकन जातीचाच. "बेसन तेवढं आपलं," असा त्यांनी समारोप केला. मास्तर पुढचा दिवसभर गटावर फिरकले नाहीत. रात्री त्यांचा एकच संदेश आला : "ठीक आहे. पण मोहरी?" मोहरीवर सरांनी दया दाखवली.

आता थोडं म्हशीबद्दल बोलणं भाग आहे, कारण चीजला परकं म्हणणाऱ्यांनी ती पाहिलेली नसते. आमच्याकडची म्हैस नागपुरी जातीची. तिलाच एलिचपुरी किंवा वऱ्हाडी म्हणतात. शिंगं लांबच लांब, पार खांद्यापर्यंत मागे गेलेली, आणि चेहऱ्यावर तहसीलदाराचा भाव. तिच्या घट्ट दुधाचं चीज सहज झालं असतं. युरोपात गवळ्याला उरलेलं दूध टिकवायचं होतं, त्यानं चीज केलं. मेळघाटातल्या आमच्या गवळ्यालाही तेच करायचं होतं, पण जंगलात लाकूड मुबलक आणि बाजार लांब, म्हणून त्यानं दूध आटवून खवा केला. गरज एकच, तिकडे थंड तळघर होतं, इकडे कढई होती. एवढ्याशा फरकामुळे आम्हाला पेढा मिळाला आणि त्यांना पिझ्झा. सौदा वाईट झाला असं मला वाटत नाही.

शेवटी बहुमतानं चीज आलूबोंडा ठरला. मतदानात एक अट घुसडण्यात आली, की रोडगेही होतीलच. ही वऱ्हाडी लोकशाही : नवा ठराव मंजूर, जुना रद्द नाही.

मी कढईचा अधिकारी. आलू आदल्या रात्री उकडून, सोलून, उघडे ठेवले होते. आलूत पाणी राहिलं तर सारण सैल पडतं आणि बोंडा कढईत तोंड उघडतो. सकाळी ते हातानंच फोडले. अगदी पिठासारखे नाही, मध्ये मध्ये बोटाला खडा लागेल इतपत. तेलात मोहरी, हिंग, गोडलिंब, मग लसूण-आलं-हिरवी मिरचीचं वाटण, हळद, आणि गॅस बंद केल्यावर मूठभर सांभार, म्हणजे कोथिंबीर. चीजचे पंचवीस ग्रॅमचे क्यूब चार-चार तुकडे करून बर्फाच्या डब्यात. ते थंडगार असणं महत्त्वाचं, कारण चीजमध्ये जवळजवळ निम्मं पाणी असतं. तेलात ते तापलं की वाफ होते, आणि वाफेला बाहेर पडायला फट लागते. म्हणून तुकड्याभोवती सारणाचा थर सगळीकडून सारखा बसला पाहिजे. बेसन जरा घट्ट, त्यात ओवा, चिमूटभर सोडा आणि चमचाभर कडकडीत तेलाचं मोहन. मी हे अकोल्यात गॅसवर करून पाहिलं होतं. सोनेरी, गोल, एकही फुटला नव्हता.

वावरात गॅस नव्हता. तीन दगडांची चूल होती आणि जाळायला पऱ्हाटी. कापूस वेचून झाल्यावर उभ्या राहिलेल्या वाळक्या पऱ्हाट्या उपटून बांधावर ढीग घातलेला असतो. त्याच्याइतकं फुकट जळण आमच्याकडे दुसरं नाही. पण पऱ्हाटीचा स्वभाव आमच्या वकिलासारखा. भडकली की डोक्याएवढा जाळ, आणि बोलता बोलता राख. चुलीवर वकीलच बसला होता. तो वाद घालताना हातातल्या पऱ्हाट्या मुद्द्यागणिक आत सारत होता. मुद्दा संपला की जाळ संपायचा, नवा सुचला की तेल धूर सोडायचं. पहिल्या घाण्यातल्या बोंड्यांनी एकामागून एक डोळे उघडले. चीजचे पांढरे फुगे वर येऊन कढईत चर्रर्र करून पसरले आणि कुरकुरीत जाळी झाली. ती जाळी झाऱ्यानं काढून बाजूला ठेवली, तर ती आधी संपली. अडत्या म्हणाला, "आता बोंडे नोको करू बे, निरं हेच कर."

त्या अडत्यानं आणलेलं तेल सरकीचं होतं. कढईकडे पाहता पाहता सरांच्या लक्षात आलं, की तेल सरकीचं, जाळ पऱ्हाटीचा, आणि ज्या म्हशीच्या तुपाची धार रोडग्यावर पडणार तिनं खाल्लेली ढेप सरकीची. कापूस तेवढा विकून झालेला. त्याचा भाव काय मिळाला, हे अडत्यासमोर कोणी काढलं नाही. माणूस यजमान होता.

वकिलाला उठवून त्याच्या जागी अडत्याच्या सालदाराला बसवलं. तो बोलतच नव्हता, त्यामुळे जाळ एकसारखा राहिला आणि पुढचे घाणे सुरेख उतरले. आता तार काढायची वेळ. इंजिनिअरची मुलगी फोन रोखून उभी. बापानं बोंडा दोन्ही हातांत धरून हळूच ओढला. आतून पिवळं चीज ओघळलं, मनगटावरून कोपरापर्यंत गेलं, पण तार काही निघेना. त्यानं दुसरा ओढला, तिसरा ओढला. मग इंजिनिअरनं नेहमीप्रमाणे जळाल्यावर माहिती दिली : मोझरेलाची तार निघते ती केसीनच्या धाग्यांना कॅल्शियम धरून ठेवतं म्हणून. आपल्या क्यूबच्या चीजमध्ये जे क्षार घालतात ते हे कॅल्शियम ओढून घेतात. त्यामुळे चीज वितळतं छान, फाटत नाही, पण ताणलं जात नाही. "थे सगळं ठीक हाय," मास्तर म्हणाले, "पण तू आलू खाऊन राह्यला का मोजून राह्यला?"

सालदाराला पहिल्या मानाचा बोंडा दिला होता. त्यानं तो शांतपणे फोडला, आत पाहिलं, बोटानं चीजला जरा टोचलं. मग बोंड्याची कड खाल्ली, आलू खाल्लं, मधला भाग पानाच्या कडेला सारून ठेवला. कसा झाला, म्हणून विचारलं तर त्यानं आधी तोंड पुसलं. "झकास हाय जी साहेब," तो म्हणाला, "पण अंदरून कच्चा राह्यला." आणि आमच्यापैकी कोणी काही बोलायच्या आत त्यानं उरलेली परात उचलून सगळे बोंडे पुन्हा तेलात सोडले. यजमानाच्या पाहुण्यांना कच्चं खाऊ घालणं त्याच्या तत्त्वात बसत नव्हतं.

दुबार तळल्यावर ते बोंडे विटकरी रंगाचे झाले, आणि खोटं कशाला बोलू, पहिल्यापेक्षा चांगले लागले. आतलं चीज आलूत मुरून गेलं होतं. दिसत नव्हतं, फक्त जाणवत होतं. वऱ्हाडात पैसा असलेला माणूस असतो तसं. सोबत दगडावर रगडलेला ठेचा. इथं माझ्या सिद्धान्ताचा पडताळा आला. एरवी बोटाच्या पेरानं ठेचा घेणारे सर आज बोंडा त्यात बुडवून खात होते. कोणाचे कान लाल नाहीत, कोणाचं नाक वाहत नाही. ठेच्याचं भांडं रिकामं होताच अमरावतीकरांनी अकोलेकरांवर ढापल्याचा आरोप केला. रोडग्यांकडे कोणी पाहिलं नाही. ते परतताना सालदाराच्या घरी गेले, आणि मला वाटतं तिथं त्यांना योग्य तो मान मिळाला असेल.

जठर मात्र केसीनचं ऐकत नाही. जिभेवरून गेलेली मिरची कुठंतरी जातेच. परतीच्या वाटेवर बडनेऱ्याच्या अलीकडे अमरावतीची गाडी दोनदा थांबली, असं कळलं. अकोल्याच्या गाडीबद्दल मी बोलणार नाही, मी तिच्यात होतो.

चीजचा एक पुडा उरला होता. तो मास्तरांनी संस्कृतीच्या नावानं आधी नाकारला, मग पिशवीत घातला. दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांच्या घरून आमच्या हिला फोन आला.

"वहिनी, हे म्हणून राह्यले का चीज ठेच्यात कुटा लागते. खरं हाय का?"

ही माझ्याकडे पाहत म्हणाली, "हो, आमच्याकडे तसंच करतात. पण दोनदा तळून घ्या."