बॉनेट चकचकीत, दिवा आंधळा

मेहकर, सुलतानपूर, बीबी, सिंदखेडराजा, जालना. हा रस्ता ज्यानं रात्री पार केला आहे, त्याला समोरून येणाऱ्या गाड्यांचे दोन प्रकार पाठ झालेले असतात. पहिल्या प्रकारात दिवा पिवळा पडलेला, उजेड देवघरातल्या समईइतका. दुसऱ्या प्रकारात मालकानं त्याच पिवळ्या दिव्यात बाजारातला पांढराफटक एलईडी ठोकलेला. पहिल्याला रस्ता दिसत नाही आणि दुसरा आपल्याला रस्ता दिसू देत नाही. दिवसा याच गाड्या बीबीत उभ्या दिसल्या तर बॉनेटवर पॉलिश, दारांवर कोटिंग, टायरला काळं तेल. पैसा खर्च झालेला असतो, पण चुकीच्या जागी. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी.

वॉशिंग सेंटरवर रोज घडणारा संवाद ऐका. पोरगा म्हणतो, "काका, टेफ्लॉन करून घ्या, गाडी आरशावानी चमकन." काका विचारतात, "अन् दिवे?" पोरगा सांगतो, "दिवे चालूच हायेत ना!" काका मान हलवतात आणि टेफ्लॉनचे पैसे काढून देतात. दिवा पेटतो म्हणजे दिवा चांगला, हा समज आधी डोक्यातून काढायला हवा.

हिशोब साधा आहे. ताशी ८० किलोमीटर वेगानं गाडी एका सेकंदात २२ मीटर जाते. डिपरवर चांगला दिवा साधारण ५० ते ६० मीटर रस्ता नीट दाखवतो. समोर काहीतरी आहे हे कळून पाय ब्रेकवर जाईपर्यंत सेकंद-दीड सेकंद जातो, म्हणजे २२ ते ३३ मीटर तिथंच संपले. कोरड्या डांबरावर गाडी थांबायला आणखी ३५-४० मीटर लागतात. दिवा उत्तम असतानाही गणित काठावरच सुटतं. आता दिवा पिवळा धरा. अमेरिकेतल्या एएए या वाहनचालकांच्या संघटनेनं २०१८ मध्ये असे दिवे मोजून पाहिले. धुरकट, पिवळ्या दिव्यातून डिपरवर बाहेर पडणारा उजेड नव्या दिव्याच्या अवघ्या २० टक्क्यांपर्यंत खाली आलेला आढळला. नीट घासून साफ केल्यावर तो सुमारे ७० टक्क्यांपर्यंत परत आला.

आणि आपल्या रस्त्यावर समोर काय येतं? तुरीच्या वावरातून उडी मारून आलेली रोही. रानडुकरांचा कळप. मागे ना दिवा ना रिफ्लेक्टर अशी सोयाबीनची ट्रॉली. बैलगाडी. रातचं पाणी देऊन घरी निघालेला, हातात साधी बॅटरीही नसलेला माणूस. यातल्या एकालाही तुमच्या बॉनेटच्या चमकेचा उपयोग नाही.

समृद्धी महामार्गामुळे वेगाची सवयही बदलली. नागपूर ते शिर्डी हा ५२० किलोमीटरचा टप्पा ११ डिसेंबर २०२२ ला सुरू झाला आणि पूर्ण ७०१ किलोमीटर ५ जून २०२५ ला. मेहकर, लोणार, सिंदखेडराजा, देऊळगावराजा या आपल्याच तालुक्यांतून तो जातो. कारला १२० ची मुभा आहे, म्हणजे सेकंदाला ३३ मीटर. त्या वेगात पिवळा दिवा घेऊन रात्री शिरणं हा बेजबाबदारपणा आहे. दुसरा शब्द मला सापडत नाही.

दिवा पिवळा का पडतो? जुन्या कमांडर जीपचा आणि अ‍ॅम्बेसिडरचा दिवा काचेचा होता. तो फुटायचा, पण पिवळा पडत नसे. आजचा दिवा पॉलिकार्बोनेट या प्लास्टिकचा असतो. तो हलका असतो, गिट्टीचा खडा लागला तरी सहसा फुटत नाही आणि हवा तसा आकार घेतो. पण उन्हातले अतिनील किरण त्याला सोसत नाहीत. म्हणून कारखान्यात त्यावर एक पारदर्शक कडक थर चढवतात. सगळा खेळ त्या थराचा. आपल्याकडच्या उन्हानं, धुळीनं आणि रोजच्या कोरड्या पुसण्यानं तो थर झिजला की खालचं प्लास्टिक उघडं पडतं आणि पिवळं व्हायला लागतं. म्हणून पहिली काळजी फुकटची आहे. गाडी दिवसभर उन्हात उभी करायची असेल तर तोंड उत्तरेकडे किंवा भिंतीकडे करून उभी करा. दक्षिण-पश्चिमेचं ऊन दिव्यावर घेऊ नका.

आता घरगुती उपाय. टूथपेस्टनं दिवा उजळतो हे खरं, कारण तिच्यात बारीक घासणारी भुकटी असते. पण ती उरलासुरला थरही घेऊन जाते आणि काही दिवसांत दिवा पुन्हा मळतो. रॉकेलचा किंवा डिझेलचा बोळा फिरवला की तेलाच्या ओलीनं ओरखडे झाकले जातात आणि दिवा नवा वाटतो. तेल उडालं की पूर्वीचाच दिवा. पेट्रोल आणि थिनर तर दिव्याजवळही नेऊ नका. त्यांनी पॉलिकार्बोनेटला आतून केसासारख्या बारीक भेगा जातात आणि त्या कुठल्याही पॉलिशनं निघत नाहीत.

दुरुस्तीचा खरा रस्ता वेगळा आहे, आणि तो गॅरेजवाल्याच्या शेजारी उभं राहून करून घ्यायचा आहे. आधी दिव्यावर पाणी मारून बघा. ओला असताना दिवा स्वच्छ दिसला तर बिघाड बाहेरून आहे आणि तो सुटतो. ओला करूनही धुरकटच राहिला तर खराबी आत आहे किंवा आतल्या रिफ्लेक्टरचा चांदीसारखा मुलामा जळाला आहे. तिथं घासण्यावर पैसे घालू नका, दिवाच बदला.

बिघाड बाहेरून असेल तर दिव्याभोवतीच्या रंगावर टेप लावून घ्यावी. मग १००० नंबरचा वॉटर पेपर, पाणी सतत चालू ठेवून, हात एकाच दिशेनं. सुरुवातीला जो चिकट ओघळ खाली येतो तो पिवळसर असतो. तो ओघळ पांढरा दुधाळ होईपर्यंत थांबायचं नाही, कारण पिवळा ओघळ म्हणजे जळालेला थर अजून शिल्लक आहे. इथं कारागीर घाई करतात आणि इथंच काम बिघडतं. पुढे १५००, २०००, ३००० नंबरचे पेपर आडव्या-उभ्या हातानं. या टप्प्यावर दिवा आधीपेक्षाही धुरकट दिसतो. मालक घाबरतो. घाबरू नका, तो तसाच दिसायला हवा. मग फोमच्या पॅडवर कंपाउंड आणि शेवटी पॉलिश, की दिवा काचेसारखा होतो.

बहुतेक ठिकाणी काम इथंच संपवून पैसे घेतले जातात. पण आता दिवा पूर्ण उघडा आहे, कारखान्याचा थर तुम्हीच घासून काढला आहे. त्यावर अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट चढवला नाही तर काही महिन्यांत दिवा पुन्हा पिवळा होणार, आणि पहिल्यापेक्षा लवकर. म्हणून काम द्यायच्या आधीच विचारा, "भाऊ, वरून यूव्ही कोट मारता का?" नाही म्हणाला तर गाडी पुढच्या गॅरेजला न्या. काही ठिकाणी कपात रसायन तापवून त्याची वाफ दिव्यावर सोडतात आणि दिवा क्षणात चमकतो. ती वाफ प्लास्टिकचा वरचा पापुद्रा वितळवते आणि ती श्वासात जाणं माणसासाठी धोक्याचं आहे. वाफ सोडणाऱ्या पोराच्या तोंडावर रुमालही नसतो. ते काम करून घेऊ नका.

दिवा साफ झाला की दुसरं दुखणं बल्बचं. हॅलोजनसाठी बनवलेल्या दिव्यात सहसा ६०/५५ वॉटचा बल्ब बसतो. त्यात १०० वॉटचा घातला की होल्डर वितळतो आणि आतला रिफ्लेक्टर भाजतो. एलईडी कोंबला तर उजेडाचा बिंदू जागचा हलतो, झोत फुटतो आणि समोरच्याच्या डोळ्यांत जातो. समोरच्याला दिसेनासं झालं तर तो तुमच्याच अंगावर येणार आहे.

आणि एक गोल बटण, जे बहुतेक मालकांनी आजवर फिरवलेलं नाही. स्टिअरिंगच्या उजव्या हाताला शून्य ते तीन किंवा चार आकडे असलेली छोटी चकती असते. डिकीत सोयाबीनची पोती टाकली, मागे तीन माणसं बसली की गाडीचं नाक वर येतं आणि दिवा झाडांच्या शेंड्यांवर जातो. तेव्हा ही चकती वरच्या आकड्यावर न्यायची, झोत खाली येतो. एकटे असाल तर शून्य. याला एक रुपयाही लागत नाही.

आता रंग. गाडीच्या पत्र्यावरचे सगळे थर मिळून साधारण १०० ते १४० मायक्रॉन भरतात आणि त्यातला सगळ्यात वरचा, चमक देणारा क्लिअर कोट जेमतेम ४०-५० मायक्रॉनचा, म्हणजे माणसाच्या केसाहूनही पातळ. तेवढीच तुमची पुंजी. प्रत्येक रबिंग त्यातले काही मायक्रॉन कायमचे खाते. दर दिवाळीला रबिंग-पॉलिश करणारा माणूस चमक विकत घेत नाही, ती संपवतो.

आणि ही पुंजी रोज सकाळी उधळली जाते ती कोरड्या फडक्यानं. आपल्याकडची धूळ मऊ नाही. ती रस्त्यावरच्या गिट्टीची, काळ्या पाषाणाची भुकटी आहे. हंगामात तिच्यात मळणीयंत्राचं कुटार मिसळतं. ती गाडीवर असताना कोरडं फडकं फिरवणं म्हणजे सॅन्ड पेपर फिरवणं. उन्हात तिरकं बघा, पांढऱ्या गाडीवर नाही कळणार, पण काळ्या-निळ्यावर गोल गोल जाळी स्पष्ट दिसते. आधी पाणी, मग स्पर्श. एवढा एकच नियम पाळला तरी रंग कितीतरी वर्षं जास्त टिकतो.

त्यासाठी पाइप लावून पाण्याचा पाट काढायची गरज नाही. ज्या भागात उन्हाळ्यात बायाबापड्या टँकरची वाट बघतात, तिथं धोधो गाडी धुणं मला बघवत नाही. दोन बादल्या पुरतात. एकीत गाडीचा शाम्पू, दुसरीत साधं पाणी. कापड आधी साध्या पाण्यात पिळायचं, मगच शाम्पूत बुडवायचं, म्हणजे माती परत रंगावर जात नाही. वरून खाली या, चाकं शेवटी. कपड्यांची पावडर वापरू नका, ती वॅक्स धुऊन नेते. बोअरचं पाणी जड असतं, उन्हात वाळलं की क्षाराचे पांढरे ठिपके सोडतं. म्हणून गाडी संध्याकाळी, बॉनेट थंड झाल्यावर धुवा आणि लगेच पुसा. दिव्यांना आणि काचांना शेवटचा हात जारच्या आरओ पाण्याचा दिला तर ठिपके फारसे पडत नाहीत.

पाखरांची विष्ठा दिसली की नखानं खरवडू नका. ओलं कापड पाच-दहा मिनिटं ठेवा, मऊ झाली की उचलून घ्या. रंगाला ती लवकर चरते, उन्हाळ्यात तर दिवसभरात. धुळीनं माखलेल्या गाडीवर ताडपत्री टाकणं तर सगळ्यात वाईट. वारा सुटला की ती रात्रभर रंग घासत राहते. दसऱ्याला बॉनेटवर ओलं हळदी-कुंकू जरूर लावा, पण ते वाळायच्या आत ओल्या कापडानं टिपा, किंवा स्वस्तिक पुढच्या काचेच्या कोपऱ्यात काढा. हाराची तार बॉनेटला टेकू देऊ नका. पूजा गाडीची आहे, तिला ओरखडे काढून कसली पूजा?

सिरॅमिक कोटिंगबद्दल थोडंच सांगतो. ते काही मायक्रॉनचं असतं. पाणी घसरतं, मळ कमी चिकटतो, एवढं त्याचं काम. खडा लागून उडणारा रंग किंवा कोरड्या फडक्याची जाळी ते थांबवत नाही. हजारो रुपये खर्चून कोटिंग केलेली आणि दिवे पिवळे असलेली गाडी ज्यांच्याकडे आहे, त्यांनी उद्याच दिव्यांचं काम करून घ्यावं.

आणि सरकारला एक गाऱ्हाणं. ट्रक, टॅक्सी, काळी-पिवळीला ठरावीक मुदतीनं फिटनेस लागतं, तिथं निदान दिवा तपासायचा नियम तरी आहे. खासगी कारला पहिली १५ वर्षं फिटनेस नाही. या १५ वर्षांत धूर पीयूसीत तपासला जातो, दिवा कुणीच तपासत नाही. पीयूसीच्या केंद्रावर गाडी उभी असतेच, तिथंच दिव्याचा झोत आणि पिवळेपणा बघायला पाच मिनिटं लागतील. ही सक्ती व्हायला हवी.

तोवर आपल्या हातात एक दिवस आहे. १२ जानेवारीला जिजाऊ जन्मोत्सवासाठी सिंदखेडराजाला महाराष्ट्रभरातून गाड्या येतात. कित्येक रात्रीच निघतात, पहाटेच्या धुईत बीबीवरून पुढे जातात. जानेवारीत रस्ता सुरक्षा अभियानही असतं. पोलिसांनी आणि परिवहन विभागानं त्या रात्री बीबीत पावती-पुस्तकाऐवजी वॉटर पेपर, पॉलिश आणि यूव्ही कोट घेऊन बसावं. गावातल्या गॅरेजवाल्यांनी हात द्यावा. आणि तुम्ही, वाचकांनो, जानेवारीची वाट बघू नका. आज अंधार पडल्यावर गाडी सपाट जागी भिंतीपासून पाच मीटरवर उभी करा आणि डिपर लावा. झोताची वरची कड दिव्याच्या उंचीपेक्षा थोडी खाली, सारखी आणि स्पष्ट पडली पाहिजे. तशी पडत नसेल तर उद्या सकाळी गॅरेज गाठा, आणि त्याला सांगा की आज रंगाचं काही करायचं नाही.