एक टन गारवा

घरगुती वातानुकूलन म्हणजे आपल्या खोलीतली उष्णता उचलून शेजाऱ्याच्या ओट्यावर नेऊन टाकण्याची क्रिया. यंत्र गारवा तयार करत नाही, ते फक्त उष्णतेचा पत्ता बदलते. दीड टनाचा एसी भर उन्हात खोलीतून साधारण सव्वापाच किलोवॉट उष्णता उपसतो, त्या कामाची मजुरी म्हणून दीडेक किलोवॉट वीज खातो आणि दोन्हींची बेरीज बाहेरच्या पंख्यातून सोडून देतो. शेजारच्या ओट्यावर साडेतीन गीझर मांडून ठेवल्यासारखाच हा प्रकार. पुढच्या उन्हाळ्यात शेजारीही एसी घेतो आणि त्याचे बाहेरचे यंत्र इकडे तोंड करून बसवतो. समतोल साधला जातो तो इथे.

‘टन’ या शब्दाने जुन्नर तालुक्यात बराच घोटाळा होतो. इथे टन म्हटला की उसाचा. तो विघ्नहर कारखान्याच्या काट्यावर भरतो आणि त्यात १००० किलो असतात. एसीचा टन बर्फाचा. एक टन बर्फ चोवीस तासांत वितळायला जितकी उष्णता लागते तितकी उपसण्याची ताकद, म्हणजे साडेतीन किलोवॉट. बर्फाच्या लाद्या विकून थंडावा मोजायच्या काळातले हे अमेरिकी माप असून त्यातला टन ९०७ किलोचाच आहे. काट्यावर दोन किलो इकडेतिकडे झाले तर जाब विचारणारा बागायतदार इथे टनामागे ९३ किलोंची घट बिनबोभाट सोसतो, कारण एसीसोबत काटा येत नाही, रिमोट येतो.

किती टनांचे यंत्र घ्यावे, हे खोलीच्या क्षेत्रफळावर, उन्हाच्या दिशेवर, काचेवर आणि डोक्यावरच्या स्लॅबवर ठरवायचे असते. गावात ते पाहुण्यांच्या एसीवर ठरते. त्यांचा दीड टनाचा असेल तर आपला दोनचा. गरजेपेक्षा मोठे यंत्र खोली झटकन गार करून थांबते, हवेतला दमटपणा काढायला त्याला सवडच मिळत नाही, आणि मग अंगावर गार पण चिकट हवा येते. इन्व्हर्टर यंत्र वेग कमी करून हा दोष बराच झाकते, प्रतिष्ठेचा प्रश्न मात्र तसाच राहतो.

खरा मुद्दा घराचा आहे, आणि घरात वाऱ्याला वाट कशी द्यावी याचा धडा तालुक्यातच उभा आहे. नारायणगावच्या पूर्वेला असलेले खोडद जगभर ओळखले जाते ते जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीमुळे. ४५ मीटर व्यासाच्या ३० तबकड्या २५ किलोमीटरच्या परिसरात पसरल्या आहेत, त्यांतल्या १४ खोडदजवळ दाटीने उभ्या आहेत. गोविंद स्वरूप यांच्या नेतृत्वाखाली त्या उभारताना पत्र्याऐवजी तारेची जाळी ताणून बसवली. दुर्बीण ज्या लहरी टिपते त्यांतल्या आखूडही वीस-एक सेंटिमीटरच्या असतात. त्यांना एक-दोन सेंटिमीटरची जाळी म्हणजे सलग भिंत, वाऱ्याला मात्र ती नुसती भोके. वारा आरपार जातो, तबकडीवर ताण येत नाही, पोलाद कमी लागते, खर्चही वाचतो.

वाऱ्याची अशीच बडदास्त गावात आणखी एका जिवाच्या वाट्याला येते, ती कांद्याच्या. कांद्याची बराख बांधताना शेतकरी जमिनीपासून उंची ठेवतो, पट्ट्यांमध्ये फटी सोडतो, वाऱ्याची दिशा बघतो. कोंडलेल्या हवेत कांदा सडतो हे त्याला पक्के ठाऊक असते. तोच शेतकरी बराखीशेजारी बंगला बांधतो तेव्हा वर उघडा स्लॅब, पश्चिमेला भली मोठी काच आणि कितीही सरकवली तरी अर्धीच उघडणारी स्लायडिंगची खिडकी. जुन्या घराच्या दगडमातीच्या जाड भिंती, कौले, पोटमाळा आणि समोरासमोरची दारे ‘मागासलेपण’ या सदराखाली पाडलेली असतात. स्लॅब दिवसभर ऊन पितो आणि रात्री दहानंतर ते सव्याज परत करतो. एसीचे निम्मे आयुष्य हे व्याज फेडण्यात जाते. गच्चीला चुन्याचा पांढरा हात आणि पश्चिमेच्या खिडकीवर बाहेरून सावली, एवढ्याने भार पुष्कळ हलका होतो. पण चुना स्वस्त, त्याला स्टार नाहीत आणि तो हप्त्यानेही मिळत नाही.

पूर्वी उन्हाळ्यात अंगणात बाज टाकली की भागत असे. आता उसातून बिबट्या अंगणापर्यंत येतो, म्हणून सूर्य मावळला की दारे-खिडक्या बंद. तालुक्यात एसीचा इतका निष्ठावान आणि बिनपगारी विक्रेता दुसरा नाही.

तापमानाचा समतोल हा घरातला राजकीय विषय आहे. १ जानेवारी २०२० पासून देशात नव्या खोली-एसीची सुरुवात २४ अंशांवरच होते. आकडा एका अंशाने वर नेला तर साधारण सहा टक्के वीज वाचते, असे ऊर्जा दक्षता ब्यूरो सांगते. घरात मात्र मुलगा १८ वर आणतो, आजी गोधडी मागते, सून २६ करते आणि ज्याच्या नावावर बिल येते तो यंत्रच बंद करतो. १६ वर ठेवले की खोली लवकर गार होते, ही श्रद्धा होय. एकाच वेगाच्या कॉम्प्रेसरला आकडा दाखवून घाई करता येत नाही. २६ अंश आणि हळू फिरणारा छताचा पंखा यांची जोडी आजी आणि मुलगा दोघांनाही मानवते. या तहावर सही कोणी करायची, एवढेच बाकी असते.

मार्च-एप्रिलच्या कोरड्या हवेत पाण्याचा कूलर कमी विजेत चांगले काम करतो. अट एकच : खिडकी उघडी हवी, नाहीतर खोलीचे न्हाणीघर होते. एसीला खिडकी बंद हवी. बहुतेक घरांत कूलर बंद खिडकीत आणि एसी उघड्या दारात चालतो. दार उघडे ठेवून शेजारची खोलीही गार करण्याच्या उदारपणाने दोन्ही खोल्या कोमट राहतात.

संध्याकाळी विजेचा दाब उतरला की स्टॅबिलायझर ‘टक’ करतो. याच विजेचा जाच खोडदच्या दुर्बिणीलाही होतो : तारांवरचा सैल इन्सुलेटर ठिणगी टाकतो, ती ठिणगी रेडिओ लहरीही सोडते, आणि दुर्बिणीच्या माणसांना अशा ठिणग्या शोधत फिरावे लागते. याच तबकड्यांनी ८८० कोटी वर्षांपूर्वी एका दीर्घिकेतून निघालेला हायड्रोजनचा संदेश पकडल्याचे जानेवारी २०२३ मध्ये जाहीर झाले. गावातल्या एसीची घरघर ऐकायला मात्र तबकडी लागत नाही.

देखभालीत फिल्टर मुख्य. तो दर पंधरा दिवसांनी धुवावा. कांदा काढणीच्या दिवसांत त्यावर पातीचा भुसा आणि लाल फोलपटे गोधडीसारखी बसतात, हवा अडते आणि यंत्र नुसतेच वीज खाते. मेकॅनिक येतो, गॅस संपल्याचे सांगतो, गॅस भरतो आणि जाता जाता फिल्टर झटकतो. खोली गार होते ती फिल्टरमुळे, बिल होते ते गॅसचे. वीज गेल्यावर काय करावे, हे माहितीपुस्तिकेत दिलेले नसते. मंडळी उशा बगलेत मारून गच्चीवर जातात. कांदा बराखीतच असतो.