हात हलवा, पण आधी पोर्ट भरा

निन्टेंडोने 2006 साली ‘वी’ कन्सोल काढला तो बटणांना बिचकणाऱ्यांसाठी: रिमोट धरा, हात फिरवा, टेनिसचा फटका बसलाच. तेच सुख संगणकावर वीचे खेळ चालवणाऱ्या ‘डॉल्फिन’ इम्युलेटरमध्ये हवं, तर आधी फोनचा जायरोस्कोप वायफायवर जोडा, आयपी ॲड्रेस द्या, पोर्ट भरा, अक्ष उलटे फिरताहेत का बघा. वीसोबतची, टीव्हीवर ठेवायची ‘सेन्सर’ पट्टी तर काहीच ओळखत नाही. तिच्यात नुसते इन्फ्रारेड दिवे, कॅमेरा रिमोटमध्ये. तिच्याऐवजी दोन मेणबत्त्यांवरही भागतं. (आरतीची सोय आपोआप.) एवढ्या खटाटोपानंतर बहुतेक वीर हात हलवण्याचं काम कीबोर्डच्या एका बटणाला देऊन खुर्चीत रेलतात. खरंच घाम गाळायचा असेल, तर वीचा जुना रिमोट ब्लूटूथने जोडा. डॉल्फिनला तोही चालतो.