परसोंची पुडी

हैदराबादच्या बेगम बाजारात हळद सुटी मिळते. पोतं उघडं, पण पुडी बांधून द्यायला दुकानदार गल्ल्यावर हजर. सॉफ्टवेअरच्या बाजारात पोतं तेवढं उघडं. दुकानदार बेपत्ता.

माधापूरचा आमचा भाचा पोटासाठी कंपनीत कोड लिहितो आणि पुण्यासाठी डेबियन या लिनक्स प्रणालीची पॅकेजं बांधतो. सध्या वैतागलाय. हातातल्या प्रोग्रामच्या लेखकानं जन्मात एकही रिलीज केलेलं नाही. टॅग नाही, नंबर नाही, टारबॉल म्हणजे कोडची बांधलेली पुडी, ती तर नाहीच. उत्तर ठरलेलं: सगळं गिटमध्ये आहे की!

विहिरीत पाणी आहेच. पोहरा तुमचा, दोरही तुमचाच.

डेबियनला मूळ मालाचा एक बांधलेला, न हलणारा गठ्ठा लागतो. मग भाचाच गिटमधली एक नोंद, म्हणजे कमिट, धरतो, गठ्ठा वळतो आणि नंबर देतो: शून्य, पुढे नागमोडी रेघ, मग 'गिट' आणि तारीख. त्या रेघेमुळे हा नंबर डेबियनच्या हिशेबात शून्याच्याही खाली जातो. का? लेखकमहाशयांना उद्या जाग येऊन त्यांनी ०.१ काढलंच, तर ते वरचढ ठरावं म्हणून.

बारसं शेजाऱ्यानं करायचं, तेही आईबापांना नाव बदलता येईल अशा बेतानं.

नुसती तारीखच नंबर म्हणून ठोकली तर? २०२४०११५ पुढे उद्याचं १.० म्हणजे चिल्लर. मग १.० ला वर आणायला 'एपॉक' नावाचा आकडा नंबराआधी डकवायचा. तो गोंदणासारखा. एकदा उमटला की जन्मभर.

'गिटहब आपोआप गठ्ठा देतं ना?' असं विचारणारे शहाणे भेटतातच. देतं. ३० जानेवारी २०२३ ला तिथं गठ्ठा दाबायची पद्धत बदलली. आतला माल तोच, चेकसम वेगळा. ठिकठिकाणी बिल्ड आडवे झाले आणि बदल लगोलग मागे घ्यावा लागला.

पिशवी बदलली, तर गिऱ्हाइकानं हळदच ओळखली नाही!

मग लेखकानं स्वतः बांधलेली पुडी बरी? मार्च २०२४ आठवा. फाइली दाबणाऱ्या 'एक्सझेड'च्या ५.६.० आणि ५.६.१ च्या टारबॉलांवर सही होती, नंबर होता, सगळं रीतसर. आणि आत चोरवाट. ती उघडणारी बिल्डमधली ओळ गिटमध्ये नव्हतीच, फक्त टारबॉलात होती. अँड्रेस फ्रॉइंड या अभियंत्याला लॉगिनला अर्धा सेकंद जास्त लागतोय, हे खटकलं. बाकीच्यांनी पुडी वासही न घेता फोडणीत टाकली होती.

भाच्याला म्हटलं, मग तुला हवंय तरी काय? टारबॉल नकोच म्हणतो. एक टॅग हवा. 'अमुक दिवशी हे मी लोकांना वापरायला दिलं', एवढं लेखकानं म्हणावं. एका ओळीची आज्ञा!

तेवढीच जड जाते. टॅग मारला की जबाबदारी आली. न मारता 'काम चालू आहे' ही पाटी हवी तितकी वर्षं मिरवता येते. रस्त्यावर ती वाचत जगणाऱ्या हैदराबादकरांना काय सांगावं?

आणि गंमत बघा. पुड्या बांधणारे फुकट राबतात, पुड्या सोडणारे परिषदांत व्यासपीठावर.

लेखक निघाला इथलाच. भाच्यानं गाठून विचारलं, "भाई, कोड को आखरी हाथ कब लगाया था?"

"परसों."

हैदराबादी परसों. या शहरात निजामही परसोंच गेला.