पीक विम्याच्या निकषास, आळे गावाहून

पीक विम्याच्या निकषा,

जुन्नर तालुक्यात गारा पडोत, कांद्याला पीळ बसो की ऐन काढणीत पाऊस कोसळो. शेतकऱ्याचं नुकसान झालं की नाही, हे शेवटी तू ठरवतोस. त्याच्या वावरात मात्र तू पाऊल टाकत नाहीस.

तुझा हिशेब इथल्या प्रत्येक घरानं समजून घ्यावा. मागच्या सात वर्षांतली चांगली पाच निवडायची, त्यांच्या सरासरीचे 70 टक्के धरायचे, हे उंबरठा उत्पन्न. महसूल मंडळातल्या पीक कापणी प्रयोगांची सरासरी त्याखाली गेली, तरच भरपाई. सातात दोन वर्षं वाईट गेली तर ती गळतात. तीन-चार गेली, की त्यातली उरलेली सरासरीत शिरतात आणि उंबरठा खाली येतो. आभाळ जितकं बिघडेल तितकी तुझी भरपाई दूर जाते. बदलत्या हवामानात शेतकऱ्याला सावरायला तुला नेमलं होतं. तू त्याच्या विरुद्ध बाजूला जाऊन बसलास.

2025-26 पासून तर राज्यानं तुझे उरलेसुरले डोळेही काढून घेतले. गारपीट, ढगफुटीसारखी स्थानिक आपत्ती गेली, काढणीनंतरचं नुकसान गेलं. उरली फक्त मंडळाची सरासरी. आळ्याच्या शिवारात गारपीट झाली आणि मंडळातली बाकी गावं कोरडी राहिली, तर तुझ्या लेखी काहीच घडलं नाही. काढून वावरात पसरलेला कांदा पावसात भिजून सडला, तरी कापणीच्या दिवशी त्याचं वजन चांगलं भरलं होतं ना, एवढंच तू विचारणार. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात मराठवाडा आणि सोलापूर पाण्याखाली गेले, तेव्हा तुझं हे आंधळेपण साऱ्या राज्याला दिसलं.

शेतकरी बदलायला तयार नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. गादीवाफे, ठिबक, राजगुरुनगरच्या संशोधन केंद्रानं काढलेली कांद्याची भीमा शक्ती ही जात, कांदा साठवायला हवा खेळती ठेवणारी बराखी. जे जमलं ते त्यानं पदरच्या पैशानं केलं. उन्हाळी कांदा बराखीत टिकतो, म्हणून पावसाळाभर, दिवाळीपर्यंत शहरांच्या ताटात कांदा असतो. पण हवामानाची ही जोखीम एकट्यानं पेलायची असेल, तर शेतकरी कांदा साठवणार नाही, पुढं लावणारही नाही. मग टंचाई येईल, भाव चढतील आणि 8 डिसेंबर 2023 सारखी निर्यातबंदी पुन्हा त्याच्याच डोक्यावर बसेल.

तुला लिहिणाऱ्यांना, म्हणजे राज्याच्या कृषी खात्याला, आमची मागणी स्पष्ट आहे. स्थानिक आपत्ती आणि काढणीपश्चात नुकसान पुन्हा विम्यात घ्या. मोजणी मंडळावर थांबवू नका, गावापर्यंत आणा. आणि हे येत्या हंगामाच्या आधी करा.