चॅम्पियन, पण बदलीपात्र

न्यू जर्सीतल्या ब्रिजवॉटरला मराठी माणूस दोन कारणांसाठी जातो: बालाजीचं दर्शन आणि दर्शनानंतर देवळाच्या कँटीनमधला डोसा. त्याच गावात, रेल्वे स्टेशनाला खेटून, बेसबॉलचं एक टुमदार स्टेडियम आहे आणि तिथे सॉमरसेट पेट्रियट्स नावाचा संघ खेळतो, हे आमच्यापैकी बऱ्याच जणांच्या गावीही नसतं. माझ्याही नव्हतं. २०२२ साली सासरे सांगलीहून सहा महिन्यांसाठी आले. घरात बसून त्यांनी आमचं सगळं दप्तर तपासायला घेतलं, तेव्हा त्यांना कुठेतरी बाहेर नेणं निकडीचं झालं.

आप्पा महसूल खात्यातून निवृत्त झालेले. त्यांना मायनर लीग कशी समजवावी, याचा मी गाडीत बराच विचार केला होता. पेट्रियट्सचा दर्जा डबल-ए. त्याच्या वर स्क्रँटनचा ट्रिपल-ए संघ आणि त्याच्याही वर खुद्द न्यूयॉर्क यांकीज. खेळाडू यांकीजचे, पगार यांकीजचा, कोणी कुठे खेळायचं हा हुकूमही यांकीजचा. गावच्या मालकाने तिकिटं आणि हॉटडॉग विकायचे, आणि गावकऱ्यांनी हा आपलाच संघ समजून घसा फोडायचा.

‘‘चांगलं काम केलं की वर, नाहीतर खाली?’’ आप्पांनी विचारलं.

‘‘हो.’’

‘‘पगार?’’

‘‘या दर्जाला आठवड्याला किमान सहाशे डॉलर. तोही फक्त सीझनपुरता.’’

‘‘म्हणजे आमचंच खातं. पुढे बोला.’’

पुढे बोलण्यासारखं काही उरलं नव्हतं. मी मात्र त्या उन्हाळ्यात गावकऱ्यांसारखाच घसा फोडू लागलो, कारण शॉर्टस्टॉपला अँथनी व्होल्पी होता. हा जवळच्याच वॉचंगचा पोरगा. त्याचं नाव पुकारलं की अख्खं स्टेडियम त्याची आत्या झाल्यासारखं वागायचं. आणि सप्टेंबर उजाडताच, प्लेऑफ तोंडावर असताना, वरून आदेश आला: व्होल्पीने स्क्रँटनला हजर व्हावं.

मी चिडलो. आप्पा शांत होते. ‘‘जावईबापू, कामाचा माणूस ऐन मार्चअखेरीलाच उचलतात. दुसरा येईल, चार्ज घेईल.’’

दुसरा आलाही. हासोन डोमिंगेस, वय वर्षं १९, खालच्या हडसन व्हॅलीच्या संघातून बढतीवर. त्याला सगळे ‘मंगळवासी’ म्हणतात, असं मी सांगताच आप्पांचा चेहरा पडला. ‘‘कडक मंगळ? आणि ऐन फायनलला?’’

चॅम्पियनशिप जिंकली तरी वरच्यांना त्याचं काय, हे समजून घ्यायचं तर ट्रेंटनकरांना विचारावं. यांकीजचा डबल-ए संघ आधी तिथे होता, डेलावेअर नदीच्या काठी. २०१९ मध्ये ट्रेंटनने ईस्टर्न लीग जिंकली. २०२० मध्ये कोरोनामुळे एकही सामना झाला नाही. त्याच वर्षाच्या शेवटी, मायनर लीगचे संघ १२० वर आणले जात असताना, यांकीजने ट्रेंटनला रामराम ठोकून ब्रिजवॉटर गाठलं. जिंकल्यानंतर एकही सामना न हरता ट्रेंटनने संघ गमावला. आप्पा म्हणाले, ‘‘कर्मचाऱ्यांची बदली पाहिलीय. इथे तालुक्याचं ठिकाणच हलवलं.’’

फायनल तीन सामन्यांची होती, डेट्रॉइटच्या पंखाखालच्या ईरी सीवुल्व्हजशी. एक-एक बरोबरी झाली आणि निर्णायक सामना ब्रिजवॉटरला आला: बुधवार, २८ सप्टेंबर. नवरात्राची तिसरी माळ. आप्पांचा उपास. पण बेसबॉलच्या मैदानात भाजलेले शेंगदाणे मिळतात, आणि बटाट्याच्या तळलेल्या काड्यांनाही शास्त्राची हरकत नाही. एवढा सात्त्विक खेळ आपल्याकडे का नाही पोचला, असं ते दोनदा म्हणाले.

मंगळवासीने दोन होमरन मारले. आप्पांनी लगेच पत्रिकेचा विषय मागे घेतला. धावा पंधरावर गेल्या, पण खरी गंमत पलीकडे चालली होती. रँडी व्हास्केझच्या चेंडूवर ईरीला एकही हिट मिळत नव्हता. अशा वेळी ‘नो-हिटर’ हा शब्द उच्चारायचा नाही, नजर लागते. पाचवी इनिंग गेली, सहावी गेली, शेजारचे गोरे आजोबा ओठ मिटून बसले. आणि आप्पांनी चावडीवरच्या आवाजात विचारलं, ‘‘काय हो, समोरच्यांना अजून एकही हिट नाही ना?’’

मराठीत होतं म्हणून निभावलं, असं मला वाटलं. पण पुढच्या रांगेतली बाई गर्रकन वळली. ‘‘काका, गप्प बसा!’’ तीही मराठीच निघाली.

आठ इनिंग्ज झाल्या आणि व्हास्केझला बसवलं. नववीला कार्सन कोलमन. तरण्या पिचरचा हात जपायचा असतो, कारण तो हातही न्यूयॉर्कचा, वगैरे मी सांगितलं. आप्पा खवळले. ‘‘एवढी फाइल यानं पूर्ण केली आणि सही दुसऱ्याची?’’ कोलमननेही हिट दिला नाही. पंधरा-शून्य, नो-हिटर आणि चॅम्पियनशिप. पोरं एकमेकांच्या अंगावर ढीग करून पडली, आणि आप्पांनी ढिगातले कोण कोण पुढच्या वर्षी इथे नसतील त्याची यादी सुरू केली.

यादी बरोबर ठरली. आधीच हललेला व्होल्पी २०२३ च्या सलामीला यांकीजचा शॉर्टस्टॉप होता. डिसेंबरात ढिगातल्या व्हास्केझला आणखी चौघांसोबत सॅन दिएगोला धाडलं, हुआन सोटो आणि आणखी एकाच्या बदल्यात. आप्पांना फोनवर सांगितलं, तर म्हणाले, ‘‘दोघांसाठी पाच जण? मग तो सोटो कलेक्टर असणार.’’

सोटो एक सीझन खेळला आणि त्याच शहरातल्या मेट्सकडे गेला, १५ वर्षांसाठी ७६ कोटी ५० लाख डॉलर घेऊन. हे ऐकल्यावर सांगलीकडून बराच वेळ काही आलं नाही.

‘‘याला बदली नाही म्हणत,’’ आप्पा म्हणाले, ‘‘यानं राजीनामा देऊन प्रॅक्टिस सुरू केली.’’